विश्वकिरण आणि बचावाची भिंत

(भोपाळमधील सोनागिरी येथे मराठी रहिवाशांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

भोपाळ शहराच्या पूर्वेकडील सोनागिरी ही वसाहत अवजड विद्युत यंत्रांच्या कारखान्याच्या शेजारी आहे. या कारखान्याची कंपनी १९५६ साली स्थापन झाली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून, महाराष्ट्रातूनही, अनेक कुटुंबे कामानिमित्त या परिसरात येऊन स्थायिक झाली. अवजड यंत्राचे जोडकाम आतून निर्दोष आहे की नाही, हे क्ष-किरण किंवा गॅमा किरण आरपार पाठवून पाहण्याची पद्धत अशा उद्योगांत जुनी आहे. त्यामुळे किरणांपासून बचाव करावयाचा तर शिसे हवे, ही गोष्ट कामगारांच्या घरांतून सर्वांना ठाऊक असते. रुग्णालयातील क्ष-किरण खोलीच्या दारात शिशाचा पत्रा असतो आणि तंत्रज्ञ शिशाचा अंगरखा घालतो, हे खेड्यातून आलेल्या रुग्णानेही पाहिलेले असते. यातून एक समजूत रूढ झाली आहे की, भिंत जितकी जड तितका बचाव अधिक. क्ष-किरणांपुरती ही समजूत खरी आहे. परंतु किरणांचा एक प्रकार असा आहे की, त्याच्यासमोर शिशाची भिंत उभी केली असता बचाव तर पुरेसा होत नाहीच, उलट ती भिंत स्वतःच नवे कण फेकू लागते. या व्याख्यानाचा विषय तो प्रकार आणि त्याचे गणित हा आहे.

प्रथम क्ष-किरणांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्या बाबतीत भोपाळचे नाव घ्यावेच लागते. या शहरात १९८१ मध्ये प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. २००७ पासून ती प्रगत पदार्थ व प्रक्रिया संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढल्यावर जो तांबडा गाळ उरतो, त्यापासून क्ष-किरण अडविणाऱ्या, शिसे न वापरलेल्या फरश्या येथील शास्त्रज्ञांनी तयार केल्या. बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याजवळ राहणाऱ्यांना हा गाळ म्हणजे काय, हे निराळे सांगण्याची गरज नाही. त्यात लोह व टायटॅनियम यांची संयुगे असतात. त्यांच्या जोडीला आणखी जड मूलद्रव्ये मिसळली की क्ष-किरण शोषले जातात. क्ष-किरण हा प्रकाशाचाच भाईबंद होय. पदार्थात शिरल्यावर तो शोषला जातो, दिशा बदलतो किंवा आरपार निघून जातो. त्याला फुटण्यासारखे अंगच नसते. जड अणूंतील घट्ट बांधलेले इलेक्ट्रॉन त्याला गिळतात, म्हणून तेथे जडपणा हा गुण ठरतो.

आयनांचे तसे नाही. अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन काढून घेतले म्हणजे जो विद्युतभारित गाभा उरतो, तो आयन. अवकाशातून पृथ्वीवर अहोरात्र येणारे विश्वकिरण म्हणजे वस्तुतः असे उघडे गाभेच होत. त्यांत शेकडा सुमारे ८७ हायड्रोजनचे, म्हणजे प्रोटॉन, सुमारे १२ हेलियमचे आणि उरलेला एक टक्का कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, लोह अशा जड मूलद्रव्यांचे असतात. एक टक्का म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. वेग सारखा असताना आयनाने वाटेत केलेली मोडतोड त्याच्या विद्युतभाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लोहाचा भार २६. म्हणून लोहाचा एक आयन एका प्रोटॉनच्या ६७६ पट मोडतोड करतो. शरीरातील पेशीच्या दृष्टीने हा फरक रिमझिम पाऊस आणि गारपीट यांमधल्या फरकासारखा आहे.

विश्वकिरणांत जड गाभे असतात हा शोध १९४८ साली अमेरिकेत, उंच उडणाऱ्या फुग्यांतून छायाचित्रणाच्या खास काचा पाठवून लागला. तो लावणाऱ्यांपैकी एक, बर्नार्ड पीटर्स, हे पुढे १९५० च्या दशकात मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येऊन राहिले. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत विश्वकिरणांचा अभ्यास प्रथमपासूनच चालत असे. स्वतः भाभांनी हाइटलर यांच्या समवेत १९३७ साली विश्वकिरणांच्या इलेक्ट्रॉन-वर्षावाचे गणित मांडले होते. मुंबईच्या संस्थेत फुग्यांतून परत आलेल्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, त्यांतील मार्गरेषा डोळ्यांनी शोधण्याचे काम वर्षानुवर्षे चाले. एक जाड रेषा येते, एका बिंदूशी थांबते आणि त्या बिंदूतून पुढे पाच-सात बारीक रेषा पंख्यासारख्या निघतात, असे चित्र त्या काचांत दिसे. जाड रेषा हा मूळ आयन, बारीक रेषा हे त्याचे तुकडे. येथे विवेचनाचा विषय असलेली घटना ती हीच, आणि ती दाखविण्यास याहून बोलके साधन पुढेही क्वचितच निघाले. ब्राट आणि पीटर्स यांनी १९५० च्या सुमारास, दोन गाभे एकमेकांवर आदळण्याची शक्यता त्यांच्या आकारावरून काढण्याचे जे सोपे सूत्र दिले, त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही वापरात आहेत.

ही टक्कर कशी होते, हे कडब्याच्या उदाहरणाने समजते. कडब्याची घट्ट बांधलेली पेंढी वेगाने फेकली आणि तिची एक बाजू वाटेतल्या खांबाला घासली, तर घासलेल्या बाजूची ताटे तुटून तेथेच विखुरतात. उरलेली पेंढी मात्र जवळजवळ त्याच वेगाने पुढे जाते. फक्त तिचा बंध सैल झालेला असतो आणि पुढे जाता जाता तिच्यातून आणखी ताटे गळत राहतात. वेगवान आयन भिंतीतील एखाद्या गाभ्याला घासून गेला म्हणजे हेच घडते. घासलेला भाग खरवडला जातो. उरलेला भाग तापलेल्या अवस्थेत पुढे जातो आणि न्यूट्रॉन, प्रोटॉन, हेलियमचे गाभे बाहेर टाकून थंड होतो. जे दोन टप्पे रॉबर्ट सर्बर यांनी १९४७ मध्ये प्रोटॉनच्या आघातासाठी कल्पिले, तेच थोड्या फरकाने येथेही लागू पडतात.

पुढे गेलेल्या तुकड्याचा वेग कमी झालेला नसतो. कमी झालेला असतो तो त्याचा भार. आणि वेग तोच असताना आयन किती खोल जाईल, हे त्याच्या वस्तुमानाला भाराच्या वर्गाने भागून ठरते. लोहासाठी ५६ भागिले ६७६, ऑक्सिजनसाठी १६ भागिले ६४. गणित करून पाहिल्यास ऑक्सिजनचा तुकडा लोहाच्या तिप्पट खोल जातो आणि सुटा प्रोटॉन बारा पट. म्हणजे मूळ आयन भिंतीत अडला असता, पण त्याचे तुकडे भिंत ओलांडतात. भिंतीतील ज्या गाभ्याला धक्का बसला, त्याचेही तुकडे होतात हे वेगळेच. विहीर खणताना सुरुंग उडविण्याच्या वेळी रचलेल्या सैल दगडांच्या आडोशाला उभे राहू नये, असे जाणती माणसे सांगतात. कारण उडालेला दगड आडोशावर बसला की आडोशाचेच दगड अंगावर येतात.

तेव्हा भिंत कोणत्या पदार्थाची असावी? आयन फुटणे ही सर्वस्वी वाईट गोष्ट नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. २६ भाराचा एक आयन फुटून १२ भाराचा एक तुकडा आणि हेलियमचे सात गाभे झाले, तर भारांच्या वर्गांची बेरीज ६७६ वरून १७२ वर येते. म्हणजे मोडतोड जवळजवळ चौथ्या हिश्शावर उतरते. म्हणून आयनाला फोडणारी, पण स्वतः फारसे न्यूट्रॉन न सोडणारी भिंत उत्तम. या कसोटीस वजनाच्या मानाने हायड्रोजन सर्वांत वरचढ ठरतो. एक ग्रॅम हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉनांची संख्या एक ग्रॅम शिशातील संख्येच्या अडीच पट असते, आणि हे इलेक्ट्रॉनच आयनाचा वेग कमी करतात. शिवाय हायड्रोजनचा गाभा म्हणजे एकटा प्रोटॉन; त्यातून सुटे न्यूट्रॉन निघण्याचा प्रश्न नाही. शिशाच्या गाभ्यात मात्र सव्वाशेच्या आसपास न्यूट्रॉन कोंबलेले असतात. एक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा एकच प्रोटॉन शिशाच्या जाड ठोकळ्यात शिरला, तर त्यातून सरासरी वीसच्या आसपास न्यूट्रॉन बाहेर पडतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्यामुळे तो इलेक्ट्रॉनांना जुमानीत नाही. त्याला थोपवितो तोही हायड्रोजनच. गोटी तेवढ्याच वजनाच्या गोटीवर आदळली म्हणजे आपला सारा वेग तिला देऊन थांबते, तसे हे आहे. यामुळे पाणी आणि पॉलिथीन या अगदी सामान्य वस्तू आयनांपासून बचावाच्या कामी वजनाला वजन धरता शिशाहून सरस ठरल्या. अंतराळ स्थानकात झोपण्याच्या कोनाड्यांना पॉलिथीनचे अस्तर दिले गेले, ते याच कारणाने.

पृथ्वीवरील माणसाला ही चिंता बाळगावी लागत नाही, कारण त्याच्या डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमहून थोडी अधिक हवा आहे. दहा मीटर खोल विहिरीतील पाण्याइतके हे आच्छादन होय. विश्वकिरण त्यात फुटतात आणि हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांनाही फोडतात. त्या फोडाफोडीत निघणारा एक तुकडा बेरिलियम-७ या नावाचा आहे. तो हवेतील सूक्ष्म धुळीला चिकटतो आणि पावसाबरोबर शेतात उतरतो. त्याचे अर्धायुष्य ५३ दिवसांचे, म्हणून मृगात पडलेल्यापैकी निम्म्याहून अधिक पोळ्याच्या सुमारास संपलेला असतो. त्याचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की, पिकाला वा माणसाला त्यापासून भय नाही. मुंबईच्या संस्थेतील देवेंद्र लाल व त्यांचे सहकारी यांनी १९५० च्या दशकात पावसाच्या पाण्यातून हे बेरिलियम वेगळे काढून मोजले होते. आकाशातल्या भिंतीचे तुकडे अशा रीतीने कौलांवरून ओघळणाऱ्या पाण्यात सापडले.

आता गणिताकडे वळावयाचे. एखाद्या भिंतीपलीकडे नेमके काय उतरेल, हे कागदावरील एका सूत्राने सांगता येत नाही. टक्कर कोठे होईल, घासून होईल की समोरासमोर, तुकडे किती होतील, हे प्रत्येक आयनाच्या बाबतीत निराळे असते आणि त्यात दैवाचा, म्हणजे संभवनीयतेचा, भाग मोठा असतो. यावर तोड निघाली ती पत्त्यांच्या डावातून. स्टॅनिस्लाव उलाम हे गणितज्ञ १९४६ साली आजारातून उठत असताना एकट्याने पत्ते खेळत बसत. डाव जुळण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून किती जुळतात ते मोजावे, असे त्यांच्या मनात आले. फॉन नॉयमन यांनी ही युक्ती त्या काळी नव्यानेच तयार होत असलेल्या संगणकांवर नेली. जुगाराच्या प्रसिद्ध गावावरून तिला मॉन्टे कार्लो पद्धती असे नाव पडले. याच पद्धतीने केलेल्या हुबेहूब नकलेस सदृशीकरण म्हणतात.

महसूल आणि कृषी खात्यातील अधिकाऱ्यांना ही पद्धत वस्तुतः परिचित आहे. तालुक्यातील सारे पीक कापून मोजणे शक्य नसते, म्हणून यदृच्छेने निवडलेल्या थोड्या क्षेत्रांत पीक कापणी प्रयोग करून उत्पादनाचा अंदाज बांधतात. प्रयोग वाढविले की चूक कमी होते. मात्र चूक दहाव्या हिश्शावर आणावयाची तर प्रयोग शंभरपट करावे लागतात. संगणकाला लाखो आयन सोडून पाहावे लागतात ते यासाठी.

शिक्षकांना हा खेळ वर्गात मांडता येईल. दहा चिठ्ठ्या घ्याव्यात, एकीवर खूण करावी. शंभर रेघा म्हणजे लोहाचे शंभर आयन. प्रत्येक आयन पाण्यात एक सेंटिमीटर पुढे गेला की चिठ्ठी उचलावी. खुणेची आली तर आयन फुटला, नाही तर चिठ्ठी परत टाकून पुढच्या सेंटिमीटरला पुन्हा उचलावी. पहिल्या सेंटिमीटरनंतर सुमारे ९० शाबूत उरतील, दुसऱ्यानंतर ८१, तिसऱ्यानंतर ७३. लोहाच्या आयनाची पाण्यातील सरासरी वाटचाल, टक्कर होईपर्यंत, साधारण दहा सेंटिमीटरच असते, त्यामुळे हा खेळ वास्तवापासून फार दूर नाही. प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ८७ टक्के वेगाने आलेला लोहाचा आयन टक्कर न होता पाण्यात पाव मीटरच्या आसपास जाऊन थांबला असता. खेळाच्या पंचविसाव्या फेरीनंतर फलकावर सातच रेघा उरलेल्या दिसतील. शंभरातील त्र्याण्णव आयन वाटेतच फुटलेले असतात! त्या त्र्याण्णवांच्या तुकड्यांना पुन्हा चिठ्ठ्या द्याव्या लागतात, त्यांच्या तुकड्यांना पुन्हा. येथे विद्यार्थी थकतात आणि संगणक पुढे चालू राहतो.

या कामाचे प्रोग्रॅम आज अनेक आहेत. युरोपातील सर्न प्रयोगशाळेच्या परिसरात वाढलेले जिअँट-४ आणि फ्लुका, तसेच जपानमधील फिट्स हे त्यांपैकी प्रमुख होत. एकच भिंत, एकच आयन या सर्वांना दिला तरी सर्वांची उत्तरे एक येत नाहीत. जड तुकड्यांविषयी त्यांचे बरेच जमते. हलके तुकडे आणि न्यूट्रॉन यांच्या बाबतीत, विशेषतः मोठ्या कोनातून बाजूला फेकल्या गेलेल्या कणांच्या बाबतीत, मतभेद राहतात. बचावाच्या दृष्टीने नेमके हेच कण महत्त्वाचे असल्यामुळे ही उणीव किरकोळ मानता येत नाही. संगणकाच्या पडद्यावरील सुबक आकडा पाहून भिंत मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने, तो आकडा कोणत्या मोजणीशी पडताळला आहे, हे आधी विचारले पाहिजे.

मोजणीचे एक साधन तर चष्म्याच्या दुकानात मिळते. भिंगांसाठी वापरले जाणारे सीआर-३९ हे प्लास्टिक आयनाच्या मार्गावर आतून दुखावते. मग ते कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवले की दुखावलेल्या जागी सूक्ष्म खड्डे पडतात. खड्ड्याच्या आकारावरून आयनाचा भार कळतो. भिंतीच्या अलीकडे एक व पलीकडे एक तक्ता ठेवला की, किती आयन शाबूत आले आणि किती फुटले याचा हिशेब मिळतो. याच प्लास्टिकचे तक्ते घेऊन मुंबईच्या टाटा संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेले ‘अनुराधा’ हे उपकरण एप्रिल १९८५ च्या अखेरीस चॅलेंजर या अंतराळयानातून पृथ्वीभोवती फिरून आले होते. कमी ऊर्जेच्या विश्वकिरणांतील आयन मोजणे हे त्याचे काम होते.

फुटणारे आयन पाहण्यासाठी मोठे वेगवर्धक लागतात. अमेरिकेत बर्कले येथील बेव्हलॅक यंत्राने १९९३ पर्यंत हे काम केले. त्यानंतर जपानमधील चिबा, जर्मनीतील डार्मस्टाट आणि २००३ पासून ब्रुकहेवन येथे ते चालले. मुंबईतील पेलेट्रॉन १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. तो आपल्या जागी मोलाचा असला, तरी येथे लागणारी ऊर्जा त्याच्या आवाक्यापलीकडची आहे. जड आयनांना एवढा वेग देणारे यंत्र भारतात नाही. त्यामुळे भारतीय संशोधकांना प्लास्टिकचे तक्ते परदेशी पाठवावे लागतात किंवा सदृशीकरणावर अधिक भिस्त ठेवावी लागते.

या साऱ्याची गरज कोणाला आहे, असा प्रश्न रास्त आहे. पहिली गरज अंतराळवीरांची. राकेश शर्मा १९८४ मध्ये आणि शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये ज्या कक्षांतून फिरले, तेथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र बरेच विश्वकिरण परतवून लावते आणि मुक्कामही थोडा होता. मंगळाच्या वाटेवर हे छत्र नाही. २०११ च्या नोव्हेंबरात निघालेल्या क्युरिऑसिटी यानावरील उपकरणाने प्रवासात दररोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट एवढी मात्रा मोजली. पृथ्वीवर निसर्गतः माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळते. म्हणजे वर्षाचा शिधा सव्वा ते दीड दिवसात. आणि यानाची ॲल्युमिनियमची भिंत जाड करीत गेले तरी ठराविक जाडीनंतर फायदा जवळजवळ थांबतो, कारण जेवढे आयन अडतात त्यांच्या बदल्यात न्यूट्रॉन आणि हलके तुकडे वाढतात.

दुसरी गरज कर्करुग्णांची. वेगवान कार्बन आयनांनी गाठ जाळण्याचे उपचार चिबा येथे १९९४ पासून होत आहेत. शरीरात सोळा सेंटिमीटर खोल गाठीपर्यंत पाठविलेल्या कार्बनपैकी जवळजवळ निम्मे आयन वाटेत फुटतात, आणि त्यांचे हलके तुकडे गाठीच्या पलीकडील निरोगी भागात जातात. तेथे मज्जारज्जू असेल किंवा डोळ्याची शीर असेल. डॉक्टरांना ही शेपटी आधी मोजूनच मात्रा ठरवावी लागते. रुग्णाचे शरीर ही येथे भिंत असते. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत २०२३ पासून प्रोटॉनचे उपचार मिळू लागले. प्रोटॉन स्वतः फुटत नाही, पण तो इतर गाभे फोडतो आणि न्यूट्रॉन सोडवितो. म्हणून अशा उपचार-खोल्यांना शिशाच्या पत्र्याऐवजी जाड काँक्रीटच्या भिंती असतात. काँक्रीटमध्ये पाणी बांधलेले राहते आणि पाण्यात हायड्रोजन.

तिसरा प्रश्न चंद्रावरील निवासाचा आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाकडील ज्या भागात उतरले, तशा ठिकाणी पुढेमागे माणसांना राहावयाचे असेल, तर पृथ्वीवरून भिंत वाहून नेणे परवडणार नाही. तेथील मातीचाच बांध घालावा लागेल. त्या मातीत ऑक्सिजन, सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह आहे, हायड्रोजन नाममात्र. पृथ्वीच्या हवेइतके वजन डोक्यावर यावयाचे, तर ती सहा-साडेसहा मीटर रचावी लागेल. ध्रुवाजवळील सावलीत गोठलेले पाणी हाती आले आणि ते मातीच्या थरांमध्ये भरता आले, तर जाडी किती कमी करता येईल, हे प्रत्येक मिश्रणासाठी आयन सोडून मोजावे लागते. आणि तूर्त ते आयन संगणकातच सोडले जात आहेत.